मोहरीच्या दाण्याएवढे मँगनीज

मित्रांनो, तुमच्या घरी डोशाचे पीठ भांड्यात झाकून ठेवतात आणि सकाळी ते फुगून वर येते. ते भांडे जे काम करते, जवळजवळ तेच काम मी करतो. फरक इतकाच, की माझे पोट शंभर लिटरचे आहे, उभे राहायला मला तीन पाय आहेत, आणि माझ्यात पीठ नाही, बुरशी वाढते. प्रयोगशाळेत मला फर्मेंटर म्हणतात. वय सव्वीस. म्हणजे यंत्रांच्या हिशेबाने मी म्हातारा झालो.

माझा जन्म पुण्याजवळ भोसरीच्या एका कारखान्यात झाला. उत्तम पोलादाचा पत्रा वाकवून मला गोल केले, जोड घासून घासून गुळगुळीत केले. मला घडवणारा कारागीर शेवटी आत टॉर्च घालून कितीतरी वेळ बघत राहिला. "आत केसाएवढी चीर राहिली तरी तिथं घाण धरेल," तो म्हणाला, आणि एक जोड त्याने पुन्हा घासला. मग लाकडी खोक्यात बसून, ट्रकने मी दिल्लीकडे निघालो. गुरुग्रामच्या एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर मला उभे केले. तेव्हा आजूबाजूला मोहरीची शेते होती. आता काचेच्या इमारती आहेत.

माझे काम समजायला सोपे आहे. कांद्याच्या सालीवर कधीकधी काळी पूड दिसते, ती तुम्ही पाहिली असेल. ती एक बुरशी आहे. तिला माझ्या पोटात साखरेचे पाणी द्यायचे, खालून हवेचे बुडबुडे सोडायचे आणि मधल्या दांड्यावरच्या पात्यांनी सारखे ढवळत राहायचे. सहा दिवसांत गोड पाणी आंबट होते. साखरेतून बुरशी लिंबूसत्त्व बनवते. सरबताच्या पुडीत, जॅममध्ये, गोळ्या-चॉकलेटांत असते तेच हे लिंबूसत्त्व. ते लिंबातून काढतात असे पुष्कळांना वाटते. बहुतेक वेळा ते माझ्यासारख्या एखाद्या भांड्यातून आलेले असते.

पण ही बुरशी मोठी चोखंदळ आहे. तिला लोह लागते, जस्त लागते, तांबे लागते, आणि तेही इतके थोडे की डोळ्यांना दिसणार नाही. प्रमाण जरा चुकले की तिचे सगळे तंत्र बिघडते. सगळ्यांत जास्त ती ऐकते मँगनीजचे. मँगनीज भरपूर मिळाले तर ती लांब लांब धागे काढून अंगाने वाढत सुटते. साखर सगळी स्वतःच्या वाढीवर घालवते, आम्ल काही देत नाही. मँगनीज जवळजवळ मिळालेच नाही, तर मात्र तिचे अंग खुंटते. ती साबुदाण्यासारख्या बारीक गोळ्या करून राहते. साखर खाणे काही थांबत नाही. मग त्या साखरेचे ती आम्ल करते आणि पाण्यात सोडून देते. एकदा मला भरायला सत्तर लिटर पाणी लागते. तेवढ्या पाण्यात मोहरीच्या एका दाण्याएवढे मँगनीज उतरले तरी सहा दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

म्हणून तर मला इतक्या चांगल्या पोलादाचे बनवले होते. आंबट पाणी साध्या लोखंडाला खाते आणि त्यातले धातू स्वतःत ओढून घेते. माझ्याकडून ते काही ओढू शकत नसे.

पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. पाहुणे आले की त्यांना आधी माझ्यापाशी आणत. पोटावरच्या काचेच्या खिडकीतून ते आत डोकावत आणि बुडबुडे पाहून लहान मुलांसारखे हसत. मग तो प्रकल्प संपला. काम करणारे बदलून गेले. सात वर्षे मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याची खोकी चढली. माझ्या नळावर कोणीतरी हेल्मेट अडकवून ठेवी. दिल्लीची धूळ तुम्हाला ठाऊकच आहे. आठवड्यात ती बोटभर साचते, मग सात वर्षांत काय झाले असेल!

आणि एका एप्रिलमध्ये मृणाल आली.

मृणाल पुण्याची. नुकतीच संशोधक म्हणून संस्थेत लागली होती. रोज मेट्रोने येई, पाठीवर भली मोठी सॅक. नवे यंत्र घ्यायला मंजुरी नाही, असे तिला कळले होते. तेव्हा ती जुन्या सामानात शोधत शोधत माझ्यापर्यंत पोहोचली. तिने खोकी उतरवली, झाकण उघडले आणि आत हात घालून माझी भिंत चाचपली.

"काका, हा तर एकदम ठणठणीत आहे!" ती ओरडली.

काका म्हणजे मल्हारी. संस्थेतला तंत्रज्ञ. मूळचा चंदगडकडच्या एका खेड्यातला. बावीस वर्षे सैन्यात यंत्रे दुरुस्त करून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि बायको भीमाबाईसह दिल्लीतच, पालमला राहिला. संस्थेत तो कंत्राटावर होता. दरवर्षी मार्चमध्ये त्याचे कंत्राट नव्याने होई. वायसर असो, पंप असो, त्याच्या हाताला सगळे वळे.

"मॅडम, जुनं ते भक्कम असतंय," तो म्हणाला. "आठ दिवस द्या. चालू करून देतो."

त्याने मला सहा दिवसांत चालू केले. प्रत्येक नळी धुतली, प्रत्येक रबर बदलले. आत पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा माझे सगळे अंग तापले. खरे सांगतो, इतके बरे मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

मृणालला स्वस्तात आणि कमी पाण्यात लिंबूसत्त्व करण्याची रीत बसवायची होती. मानेसरच्या एका लहान कारखान्याला ती हवी होती. पहिल्या चार बॅचेस उत्तम झाल्या. शंभर ग्रॅम साखरेतून सत्तर ग्रॅमच्या आसपास आम्ल मिळत होते. मृणाल एक-एक आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा मारी.

पाचव्या बॅचच्या आधी माझ्या दांड्यावरच्या एका पात्याला तडा गेला. कारखान्याकडून नवी पाती यायला तीन महिने लागणार होते. मृणाल हिरमुसली. मल्हारीने ते पाते हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"तीन महिने कशाला? मी बनवून आणतो. मापं माझ्याकडं आहेत."

चार दिवसांत तो एकाऐवजी सगळीच नवी पाती घेऊन आला. आरशासारखी चकचकीत होती. बसवण्याआधी त्याने खिशातून लोहचुंबक काढून पात्यांना लावला. चुंबक चिकटला नाही.

"काका, स्टील चांगलंच आहे ना?" मृणालने विचारले.

"बिल्कुल. चुंबक धरत नाही, बघा की. पक्कं स्टेनलेस आहे."

सैन्यात त्याला हीच परीक्षा शिकवली होती, आणि तिच्यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. मृणालचा त्याच्यावर होता. पाती माझ्यात बसली.

पाचवी बॅच बिघडली.

दुसऱ्याच दिवशी माझ्या खिडकीतून साबुदाण्याऐवजी शेवयांचा गुंता दिसू लागला. पाणी घट्ट झाले, पाती जड झाली, बुडबुडे वर येईनात. सहाव्या दिवशी आम्ल निघाले जेमतेम वीस ग्रॅम. मृणालने साखरेवर संशय घेतला. साखर बदलली. सहावी बॅचही तशीच. तिने पाणी बदलले, बुरशीचे बीज नव्याने वाढवले, हवेची गाळणी बदलली. सातवी बिघडली, आठवीही बिघडली. मित्रांनो, सहा दिवस वाट बघायची आणि मग पुन्हा तोच चिखल उपसायचा, असे तिने सलग चार वेळा केले. जुलैच्या उकाड्यात तिचे केस कपाळाला चिकटलेले असत. पण उपसून झाले की ती लगेच पुढच्या बॅचची साखर मोजायला बसे.

इकडे कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, मल्हारी भांडे नीट धूत नाही. त्याच्या कानावर ते आले. त्या दिवसापासून तो मला दोनदा धुऊ लागला. मी मनातून ओरडत होतो, की अरे, धुण्यात काही खोट नाही! माझ्या पोटातच ती परकी पाती फिरत होती. आंबट पाणी त्यांना हळूहळू खात होते, हे मला कळत होते. पण भांड्याला कुठली आली वाचा?

आठव्या बॅचच्या वेळी मृणालनेच एक युक्ती केली होती. तिने एकदाच साखरेचे पाणी तयार केले. थोडे काचेच्या शंकूपात्रात ठेवले आणि बाकीचे माझ्यात ओतले. बीज तेच, दिवस तेवढेच. काचेत सुंदर साबुदाणा झाला. माझ्यात शेवया.

"म्हणजे खोट पाण्यात नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "भांड्यात आहे."

पुढच्या बॅचमध्ये तिने चिमूटभराहूनही कमी मोरचूद घातला. मोरचुदात तांबे असते, आणि तांबे बुरशीकडे जाणारी मँगनीजची वाट अडवते. त्या वेळी आम्ल वीसवरून पस्तीस ग्रॅमवर गेले. मृणाल खुर्चीवरून उठून उभी राहिली. खोट मँगनीजचीच आहे, हे आता तिला कळले होते. दुसऱ्या दिवशी ती दोन बाटल्या घेऊन दिल्लीच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. एका बाटलीत माझ्यात ओतण्याआधीचे पाणी होते, दुसरीत सहा दिवसांनंतरचे. धातूंचा लवलेशही मोजणारे यंत्र तिथे आहे. उत्तर आठवड्याने आले. पहिल्या बाटलीत मँगनीज नसल्यातच जमा होते. दुसरीत ते बुरशीला बिघडवायला पुरून उरेल इतके होते.

तिने ते कागद विभागप्रमुख डॉ. विनय यांना दाखवले. सगळे त्यांना विनय सर म्हणत. ते स्वतः खाली आले आणि माझ्यावर हात ठेवून उभे राहिले.

"मृणाल, यात सरळ लिहिलंय की हे भांडंच मँगनीज सोडतंय," ते म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली याला. आता आतून गळायला लागलंय. डिस्पोज करून टाकू."

"सर, मग पहिल्या चार बॅचेस कशा चांगल्या झाल्या? पंचवीस वर्षं काही झालं नाही आणि अचानक दोन महिन्यांत झिजला? मला कोणत्या भागातून येतंय ते शोधायचंय. थोडा वेळ द्या."

"वेळ कुठे आहे, यार? एकवीस दिवसांनी रिव्ह्यू आहे. समितीसमोर मी काय दाखवू? चार चांगल्या आणि पाच वाईट?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण निर्णय झाला होता. "प्रोजेक्ट आपण इथेच थांबवू. नवीन फर्मेंटर आला की पुन्हा प्रपोजल लिही. तोपर्यंत दुसऱ्या कामात मदत कर."

नवीन फर्मेंटर केव्हा येणार ते कोणालाच माहीत नव्हते. मृणालने वही मिटली आणि ती जिना चढून वर गेली.

मला कसे वाटले असेल, याची कल्पना करा. जिने माझ्यासाठी इतके कष्ट केले, तिच्याच कष्टांनी माझ्यावर आरोप शाबीत झाला होता. आणि तो खोटा होता.

तीन दिवसांनी सकाळी भंगारवाला आला. मायापुरीच्या भंगारबाजारातून टेम्पो घेऊन आला होता. मल्हारीला माझे भाग सुटे करायला सांगितले होते. त्याने झाकण काढले, दांडा वर ओढला, पाती जमिनीवर पोत्यावर ठेवली. भंगारवाल्याने खिशातून एक इवलीशी बाटली आणि चौकोनी बॅटरी काढली. मला नवल वाटले. ही कसली बाटली?

"इससे माल का पता चलता है," तो म्हणाला.

त्याने माझ्या पोटावर एक थेंब टाकला, बॅटरीच्या तारा क्षणभर टेकवल्या. थेंब फिकट राहिला. "वाह, बढ़िया माल है," तो म्हणाला. मग दांड्यावर एक थेंब. फिकट. मग त्याने पोत्यावरच्या एका पात्यावर थेंब टाकला, आणि तो थेंब बघता बघता लालभडक झाला.

"ये पत्ती अलग है. दो सौ दो नंबर. इसका भाव नहीं मिलेगा."

"अलग मतलब?" मल्हारीने विचारले. "स्टेनलेस ही तो है. चुंबक नहीं पकड़ता."

भंगारवाला हसला. "चुंबक तो इसको भी नहीं पकड़ता, उसको भी नहीं पकड़ता. इसमें निकल कम डालते हैं, मँगनीज भर देते हैं. सस्ता पड़ता है. तभी तो ये दवाई रखते हैं हम. मँगनीज हो तो लाल."

मल्हारी तसाच उकिडवा बसून राहिला. त्याची नजर त्या लाल थेंबावरून हलत नव्हती.

मित्रांनो, त्या वेळी तिथे आम्ही तिघेच होतो. भंगारवाल्याला मृणालच्या बॅचेसशी काही देणेघेणे नव्हते. मी बोलू शकत नव्हतो. टेम्पो दाराशी उभा होता. मल्हारी गप्प राहिला असता तर अर्ध्या तासात मी गेलो असतो, माझ्याबरोबर पातीही गेली असती, आणि ही गोष्ट कधीच कोणाला कळली नसती. त्याचे कंत्राट मार्चमध्ये पुन्हा झाले असते. घरी त्याची मुलगी भक्ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बोलला तर काय होईल, हे त्याला माहीत होते. दोन महिन्यांची नासाडी त्याच्या हातून झाली, हे त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागणार होते.

त्याने गुडघ्यावर हात टेकले आणि उठला.

"भाईसाब, रुक जाओ. ये नहीं जाएगा. चाय पियो, मैं अभी आया."

तो तीन जिने चढून गेला आणि मृणालला घेऊनच खाली आला. तिला काही सांगितले नसावे, कारण तिचा चेहरा गोंधळलेला होता. त्याने दुसरे पाते उचलून भंगारवाल्यासमोर धरले. "इनको दिखाओ." थेंब पडला. तारा टेकल्या. लाल.

"मॅडम," मल्हारी म्हणाला, "हे मँगनीजचं स्टील आहे. मी आणलेलं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी छाती ठोकून सांगितलं होतं, की पक्कं आहे म्हणून. चूक माझी आहे. भांड्याची नाही आणि तुमची तर नाहीच."

मृणाल एकदम खाली बसली. पाते हातात घेऊन ती त्या लाल डागाकडे बघत राहिली. मला वाटले, आता ती रागावेल. तिचे डोळे भरून आले होते खरे.

"काका, अहो किती शोधलं मी हे," ती म्हणाली. "आणि हे इथे होतं!"

"मला माफ करा, मॅडम."

"माफी नंतर. मी पण पात्यांचं टेस्टिंग करायला हवं होतं. तुमच्या चुंबकावर मी विसंबले." तिने डोळे पुसले आणि बोटांवर मोजले. "रिव्ह्यूला अठरा दिवस आहेत. बॅचला सहा. बीज वाढवायला तीन. काका, चांगली पाती नऊ दिवसांत मिळतील?"

"आठ दिवसांत देतो," मल्हारी म्हणाला. "पण आधी मला साहेबांना सांगू द्या. तुम्ही नका सांगू. मीच सांगतो."

विनय सर खाली आले. मल्हारी सैन्यात उभा राहत असेल तसा ताठ उभा राहिला आणि त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. एकही शब्द गाळला नाही. विनय सरांचा चेहरा लाल झाला.

"तुम्हाला कळतंय का यात किती वेळ गेला? आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"मला आत्ताच कळलं, साहेब. कळल्यावर दहा मिनिटांत सांगितलं."

विनय सरांनी स्वतः भंगारवाल्याकडून बाटली घेतली, माझ्या पोटावर थेंब टाकून पाहिला, मग पात्यावर. दोन्हींकडे बराच वेळ पाहिले.

"एक बॅच," ते शेवटी म्हणाले. "फक्त एक. ती गेली तर हे भांडं जाणार. आणि मल्हारी, तुमच्या कंत्राटाचं मी आत्ता काही सांगू शकत नाही."

"चालेल, साहेब."

टेम्पो रिकामा परत गेला. जाताना भंगारवाल्याने ती अर्धी बाटली मल्हारीच्या हातात ठेवली. "रख लो, फौजी भाई. मेरे पास और है."

मल्हारीने माझी मूळ पाती, तडा गेलेलेसुद्धा, फेकली नव्हती. कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती, पलटणीतली सवय. नवे बनवण्यापेक्षा तडा गेलेले पातेच जोडायचे त्याने ठरवले. त्याच्याच पलटणीतला एक वेल्डर आता दिल्लीच्या नारायणा भागात स्वतःचे छोटे दुकान चालवतो. त्याच्याकडे जाऊन मल्हारी स्वतः समोर उभा राहिला. जोडायच्या सळईवरही त्याने थेंब टाकून पाहिला. पहिल्या सळईचा थेंब लालसर झाला. ती परत केली. दुसरीही परत केली. तिसरी सापडायला दोन दिवस आणि चार बाजार लागले. हे सगळे तो परत आल्यावर मृणालला सांगत होता आणि मी ऐकत होतो. मूळ पाती सातव्या दिवशी माझ्यात बसली. त्याआधी मला आम्लाने आतून नीट धुतले, की जुने काही अंगाला चिकटून राहू नये.

दहाव्या बॅचची साखर माझ्यात पडली तेव्हा सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता.

पहिला दिवस काहीच दिसत नाही. पाणी थोडे धुरकट होते, इतकेच. दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल सॅक पाठीवरून न उतरवताच माझ्या खिडकीशी आली. मल्हारी आधीच तिथे होता, पण बघायचे धाडस त्याला होत नव्हते. तिने टॉर्च लावला.

"काका, बघा."

"तुम्हीच सांगा, मॅडम."

"साबुदाणा!" ती म्हणाली. "काका, साबुदाणा झालाय!"

मल्हारीने मग पाहिले. आत बारीक, गोल, फिकट गोळ्या बुडबुड्यांबरोबर गरगर फिरत होत्या. पाणी पातळ होते. पाती हलकेच वळत होती. माझ्या पोटात कित्येक आठवड्यांनी मोकळे वाटत होते. पण दोघांपैकी कोणीही जल्लोष केला नाही. अजून चार दिवस जायचे होते. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. मल्हारी धावत जनरेटरकडे गेला. हवा थांबली तर बुरशी गुदमरते. नव्वद सेकंदांत बुडबुडे पुन्हा सुरू झाले. मी ते सेकंद मोजले होते.

सहाव्या दिवशी मृणालने माझ्यातून थोडे पाणी काढले. शंकूपात्रात दर्शकाचे दोन थेंब टाकले आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, आम्ल मारणारे द्रावण थेंब थेंब सोडू लागली. पाणी गुलाबी झाले की किती आम्ल होते ते कळते. जितके जास्त आम्ल, तितका उशीर. वाईट बॅचेसमध्ये ते पटकन गुलाबी होई. आज होईना. मल्हारी बाजूला हात मागे बांधून उभा होता. विनय सरही आले होते. थेंब पडत राहिले, पाणी बिनरंगीच राहिले. शेवटी एक थेंब पडला आणि फिकट गुलाबी रंग पसरून तसाच टिकला. मृणालने आकडा वाचला, वहीत गणित केले, पुन्हा एकदा केले.

"अडुसष्ट," ती म्हणाली. "शंभरातून अडुसष्ट."

विनय सरांनी वही स्वतःकडे ओढून गणित तपासले. मग म्हणाले, "अच्छा. रिव्ह्यूमध्ये ते पात्याचं प्रकरणही दाखव. लपवू नकोस. तेच सगळ्यांत उपयोगाचं आहे."

समितीने प्रकल्पाला एक वर्ष वाढवून दिले. मानेसरच्या कारखान्यात जाऊन मृणालने त्यांच्या टाकीचा प्रत्येक नटबोल्ट थेंब टाकून तपासला, आणि दोन लाल निघाले. मल्हारीला एक लेखी समज मिळाली. ती त्याने मुकाट्याने घेतली. मार्चमध्ये त्याचे कंत्राटही झाले. आता संस्थेत कोणत्याही यंत्रात कोणताही भाग बसवायचा असला तर आधी मल्हारीकडे न्यावा लागतो. तो थेंब टाकतो, बघतो, आणि मगच सही करतो.

गेल्या विज्ञान दिनाला दिल्लीतल्या मराठी कुटुंबांची काही मुले संस्था पाहायला आली होती. मल्हारीने त्यांना माझ्यापाशी आणले आणि ही सगळी हकीकत सांगितली. स्वतःची चूकही सांगितली.

"काका, भंगार म्हणजे?" एका मुलाने विचारले.

"कबाड रे," मल्हारी म्हणाला.

अनुष्का नावाची एक मुलगी पुढे उभी होती. सातवी-आठवीतली असेल. ती बराच वेळ विचार करत होती. "काका, पण तुम्ही कोणाला सांगितलंच नसतं तर काय झालं असतं? कोणाला कळलंही नसतं ना?"

मल्हारीने माझ्या पोटावर तळहात ठेवला.

"नसतं कळलं," तो म्हणाला. "हा गेला असता. नवीन आला असता. आणि त्याचं पातं मोडल्यावर मी त्यालाही हेच स्टील बसवलं असतं, चुंबक लावून."

मित्रांनो, मला कायम जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. एक दिवस माझा पत्रा खरोखरच झिजेल. त्या दिवशी मला खुशाल वितळवा. पोलाद आहे मी, पुन्हा काहीतरी होईन. पण एखादी जुनी वस्तू बिघडली, तर ती जुनी आहे म्हणूनच बिघडली असे धरून चालू नका. आधी उघडून बघा. तिला शेवटचा हात कोणाचा लागला ते विचारा. तो हात तुमचाच निघाला, तर लाजू नका, थांबू नका. ज्याला सांगायला हवे त्याला जाऊन सांगा आणि मग दुरुस्तीला लागा.

माझ्या पोटात सध्या एकविसावी बॅच फिरते आहे. आज चौथा दिवस. गोळ्या गोल आहेत, पाणी पातळ आहे, आणि अजून दोन दिवस मला ढवळत राहायचे आहे.